सरांचा हाडांचा धडा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे समितीचे पत्र आले आणि लिहायचे ते सरांविषयीच, हे मी तेव्हाच ठरवले. आपल्या शाळेत विज्ञान शिकवणारे अनेक होऊन गेले. पण नुसते ‘सर’ म्हटले की कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे खानापूर तालुक्यातल्या आमच्या पिढीला विचारावे लागत नाही.

हाडांचा धडा परीक्षेच्या दृष्टीने किरकोळ होता, तरी सर त्यावर बरेच दिवस रेंगाळले. प्रौढ माणसाची २०६ हाडे आणि नवजात बाळाची तीनशेच्या आसपास, मग मधली गेली कुठे, असा प्रश्न टाकून त्यांनी आम्हांला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी बाळाच्या टाळूपासून सुरुवात करून कवटीची आणि माकडहाडाची हाडे पुढे कशी सांधली जातात, ते समजावले. कोंबडीच्या तंगडीचे एक हाड त्यांनी सौम्य आम्लात ठेवले होते आणि दुसरे विस्तवात जाळले होते. आम्लातल्या हाडातील कॅल्शियमचे क्षार विरघळल्याने ते रबरासारखे वाकले. जळलेल्याचा आकार तसाच राहिला, परंतु त्यातील प्रथिनांचे धागे नष्ट झाल्यामुळे बोटाने दाबताच त्याचा भुगा झाला.

त्याच पावसाळ्यात आमच्या वर्गातला एक मुलगा जांभळीवरून पडला. त्याला बेळगावला नेऊन आणल्यावर सरांनी त्याची एक्स-रे फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि हाड कुठे मोडले आहे, असे विचारले. मनगटाजवळ एक आडवी काळी फट स्पष्ट दिसत होती, तिच्याकडेच सगळ्या वर्गाने बोट दाखवले. ती मोड नव्हे, ती कूर्चेची चकती. हाडाची लांबी तिथेच वाढते, कूर्चेच्या पेशी वाढत जातात, मागून त्यांच्या जागी हाड तयार होते आणि वाढ पुरी झाली की ती फट बुजते, असे सर म्हणाले. खरी मोड वरच्या बाजूला होती आणि तिथे हाड ओल्या फांदीप्रमाणे एकाच बाजूने चिरले होते. हाडाची जाडी मात्र बाहेरच्या आवरणाखालील पेशी वाढवतात, आतली पोकळी रुंदावणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि हे घडवणे-मोडणे जन्मभर थांबत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. बिचारा तो मुलगा गळ्यात हात अडकवून तासभर उभा होता, याचे भान मात्र त्यांना राहिले नाही!

आज मी कोल्हापुरात एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागाचा प्रमुख आहे. मुलांच्या मनगटाची फिल्म पाहून घाबरलेले आईवडील त्याच फटीकडे बोट दाखवतात आणि मी त्यांना सरांच्याच शब्दांत समजावतो. मुलींमध्ये ती साधारण दोन वर्षे आधी बुजते आणि गळपट्टीच्या हाडाचे छातीकडील टोक तर पंचविशीच्या सुमारास जुळते, एवढी भर माझी.

मागच्या भेटीत प्रयोगशाळेला कुलूप दिसले. भिंतीवरच्या नव्या पडद्यावर हाडाचे चित्र सुरेख फिरते, हे मान्य आहे. पण त्याचा भुगा बोटाला लागत नाही. मराठी वर्गांचा पट घटला म्हणून प्रयोगही घटावेत, हे मला पटत नाही. समितीने जमा निधीतून निदान आम्ल, बरण्या आणि एका सांगाड्याची सोय करावी. माझा वाटा या लेखासोबत पाठवत आहे.