तुम्ही विचारलंत म्हणून : साताऱ्याच्या माणसाला जोसेफ ह्यूम का हवा?

"मराठ्यांवर चालून आलेल्या फौजेतल्या गोऱ्या डॉक्टरचे गोडवे साताऱ्याच्या माणसानं का गावेत?" माझं व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ॲलन ह्यूमचा बाप एवढीच जोसेफची ओळख आपल्याकडे उरली आहे, म्हणून आज सविस्तर सांगतो.

हो, तो कंपनीचा सर्जन होता. इंग्रज सेनापती लॉर्ड लेकच्या मराठ्यांवरच्या मोहिमेआधी बंदुकीची दारू ओल लागून वाया चालली होती. ह्यूमनं रसायनशास्त्राच्या जोरावर ती वापरण्याजोगी करून दिली, आणि ती उडाली आपल्याच माणसांवर. इथून सुमारे ४० हजार पौंड कमावून तो परतला. १८१२ मध्ये पार्लमेंटात शिरला, तोही पैसे मोजून. कारखान्यातले कामाचे तास कायद्यानं बांधायला त्याचा विरोध होता. यातलं मी काहीच झाकत नाही. पण कामगार संघटनांवरची बंदी १८२४ मध्ये उठली, तीही त्याच्याच खटपटीनं.

आता साताऱ्याचं. प्रतापसिंह महाराजांवर पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि शिपायांना फितवल्याचा आरोप ठेवला. गुप्त कमिशन बसलं, उघड खटला चाललाच नाही. १८३९ मध्ये गादी गेली, महाराजांना काशीला धाडलं. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये उंबरे झिजवत होते. तेव्हा स्कॉटलंडातल्या माँट्रोझचा खासदार असलेला ह्यूम कॉमन्समध्ये उभा राहिला. चौकशी करा, महाराजांचं म्हणणं ऐकून घ्या, एवढाच त्याचा आग्रह. सरकारी खर्चाची एकेक रक्कम मताला टाकायला लावणारा हा माणूस. राजाच्या हद्दपारीचा हिशेबही त्यानं तसाच मागितला. १८४७ मध्येही तो हा विषय सोडत नव्हता. त्याच वर्षी महाराज काशीत वारले. पुढच्या वर्षी संस्थानही खालसा झालं.

कॉलेजात असताना मी ठासून म्हणायचो, हा निव्वळ देखावा. ज्याचा निकालावर काडीचा परिणाम झाला नाही, त्याचं कौतुक कसलं? निकाल बदलला नाही हे खरंच आहे, तिथं त्या पोराला मी आजही खोडू शकत नाही. पण काशीतल्या पदच्युत राजाकडून माँट्रोझमध्ये एक मत मिळणार नव्हतं. मग देखावा कोणासाठी?

दारूचं काय, असं तुम्ही पुन्हा विचाराल. विचारा. व्याख्यानात मी आधी दारू सांगतो, मग सातारा, आणि एकातून दुसरं वजा करत नाही.