तुम्ही विचारलंत म्हणून: तयार स्टाईल असताना स्वतःची कशाला?

‘झोटेरोत हजारो स्टाईल तयार आहेत, मग तुम्ही आणखी एक कशाला लिहीत बसता?’ आमच्या ठाण्यातल्या ग्रंथालयात येणारा जवळजवळ प्रत्येक संशोधक मला हे विचारतो. एकदाचं सांगूनच टाकते. झोटेरो म्हणजे संदर्भांच्या नोंदी ठेवून त्यांची सूची आपोआप करून देणारं सॉफ्टवेअर, आणि स्टाईल म्हणजे ती सूची कशी मांडायची याचे नियम लिहिलेली फाइल.

झोटेरोच्या भांडारात १०,००० हून अधिक स्टाईल आहेत, मान्य. पण मराठी प्रबंधाच्या संदर्भसूचीला चालेल अशी मला एकही सापडली नाही.

माझी एक मैत्रीण नौपाड्यात राहते. १८९३ साली सुरू झालेल्या इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून तिने जुन्या मासिकांवर प्रबंध लिहिला. मराठी नावांपुढे रोमन लिपीत ‘एट अल.’ (म्हणजे ‘व इतर’) आणि ‘एड.’ (म्हणजे ‘संपादक’) येतं म्हणून मार्गदर्शकांनी सूची परत केली. रात्रभर जागून तिने वर्डमध्ये एकेक नोंद हाताने नीट केली: ‘संपा.’, ‘अनु.’, ‘व इतर’. सकाळी राहिलेला एक लेख जोडला आणि सूची पुन्हा पहिल्यासारखी झाली. झोटेरो सूची आपल्याकडच्या नोंदींवरून नव्याने लिहितं, हाताने केलेलं त्यात टिकत नाही. दुपारी प्रबंध द्यायचा होता. फोनवर तिला बोलताही येईना. सूची तशीच गेली, आणि मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न आला तो त्या ‘एट अल.’चा. इतक्या वर्षांच्या कामावर पहिला प्रश्न हा! मला अजून राग येतो.

म्हणून दुरुस्ती स्टाईलमध्येच हवी. स्टाईल ज्या भाषेत लिहितात ती सीएसएल. तिची फाइल म्हणजे एक्सएमएलमधला, म्हणजे खुणांच्या चौकटीत लिहिलेला, साधा मजकूर. तिच्यात ‘लोकेल’ हा भाषेनुसार शब्द ठरवणारा भाग घालून आपले शब्द देता येतात. फक्त स्टाईलचं नाव आणि आयडी बदला, नाहीतर मूळ स्टाईलचा अपडेट येऊन तुमचे बदल पुसले जातील.

यावर लगेच विचारतात, ‘मग इंग्रजी पुस्तकांचं काय?’ त्यांनाही ‘व इतर’च लागतं. सूचीची भाषा एकच असते, नोंदीगणिक ती बदलत नाही. प्रबंध मराठी तर सूचीही मराठीच, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. आजही ते अर्धं पटतं. पण रोमन लिपीतल्या नावापुढे ‘व इतर’ दिसलं की वाचणारा अडखळतो, हे त्याच मैत्रिणीने दाखवलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. दोन सूच्या कराव्यात, तर वर्डच्या एका फाइलमध्ये झोटेरो एकच सूची देतं.

स्टाईल हवी असेल तर जरूर या. येताना विद्यापीठाचा नियम छापील आणा. ‘सर म्हणाले’ एवढ्यावर मी फाइलला हात लावत नाही.