तुम्ही विचारलंत म्हणून: हात खिशात

"आठवड्यातून दोनदा जाता त्या विशेष मुलांच्या शाळेत, ते ठीक. पण तिथे नेमकं करता काय?" हा प्रश्न मला सोसायटीच्या बाकावर विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एकदा तर गालावर साबण असताना न्हाव्यानं विचारलाय. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गाणी, गोष्टी, खाऊवाटप असं काहीतरी असतं. मी म्हणतो, "नोटा ओळखायला शिकवतो." तेवढ्यावर समोरच्याचं समाधान होतं. खरं उत्तर जरा वेगळं आहे. मी बराचसा वेळ हात खिशात घालून उभा असतो.

थोडं मागचं सांगतो. मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशमध्ये. निवृत्तीच्या जरा आधी एक गृहस्थ काउंटरवर आले. मुलीला १८ पूर्ण झाली होती, तिच्या खात्यातले पैसे हवे होते. मुलीला सही करता येत नव्हती, आणि १८ नंतर बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचा दाखला काढता येतो. त्या समितीत जिल्हाधिकारी असतात. हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. माहीत नाही असंही मी म्हणालो नाही. त्या माणसाला तीन हेलपाटे घालायला लावले आणि तिन्ही वेळा वेगळा कागद मागितला. तिसऱ्या खेपेला तो मुलीला घेऊनच आला. ती नोटा मोजायच्या यंत्राकडे टक लावून बघत बसली होती. काम अखेर वरच्या साहेबांनी केलं.

तिची शाळा माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, कोथरूडातच, निघाली. निवृत्त झाल्यावर गेलो. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द नकोत, पण ती यंत्राकडे बघणारी मुलगी डोक्यातून जात नव्हती, एवढं खरं.

ताईंनी मला मोठ्या मुलांचा गट दिला. "काका, तुम्ही कॅशियर ना? मग यांना पैसे शिकवा." मला वाटलं, हे तर आपलंच काम.

नोटा ही किती अडचणीची वस्तू आहे, हे मला आयुष्यभर नोटा हाताळून कळलं नव्हतं. पोरं रंगावरून ओळखतात. आणि आपल्याकडे शंभराची नोट जुनी निळसर-हिरवी, २०१८ नंतरची जांभळट, दोन्ही चालतात. "हीपण शंभर आणि तीपण शंभर" हे एका मुलाला कितीही सांगितलं तरी पटेना. माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्याला फसवतोय. वीसची नवी नोट हिरवट पिवळी, दोनशेची झळझळीत पिवळी. खिशात दुमडलेल्या असल्या की आपणही क्षणभर चुकतो. मग मी दोन्ही एकावर एक ठेवून दाखवायला लागलो. दोनशेची १७ मिलिमीटर जास्त लांब आहे, ती खालून डोकावते. तेही सगळ्यांना जमेना. शेवटी मागची चित्रं उपयोगी पडली. वीसवर वेरूळचं लेणं, पन्नासवर हंपीचा रथ, पाचशेवर लाल किल्ला. आमच्या गटात आता वीसच्या नोटेला 'लेणं' म्हणतात. "काका, दोन लेणी द्या" म्हटलं की चाळीस.

पण ओळखणं वेगळं आणि बाजारात जाऊन देणं वेगळं. ताईंनी खरेदीचे नऊ तुकडे पाडलेत: रांगेत उभं राहणं, वस्तूचं नाव सांगणं, किंमत विचारणं, नोट काढणं, असं करत शेवटी पिशवी घेऊन बाजूला होणं. आणि शिकवायचं शेवटाकडून. पहिल्या आठवड्यांत बाकी सगळं ताई करायच्या, मुलानं फक्त पिशवी उचलायची. मग सुट्टे घेणं आणि पिशवी. असं एकेक पाऊल मागं. प्रत्येक तुकड्यापुढे वहीत खूण: हात धरून, सांगून की आपणहून. काम पुरं झाल्याचा आनंद मुलाला पहिल्या दिवसापासून मिळतो, म्हणून उलटं.

पहिल्याच फेरीत मी घोळ घातला. एक मुलगा पाकिटात नोट शोधत होता, मागं चार माणसं खोळंबली होती, आणि मी पटकन दहाची काढून त्याच्या हातात ठेवली. ताई तिथे काही बोलल्या नाहीत. परतताना म्हणाल्या, "काका, हात खिशात ठेवत जा." मोजणाऱ्या हाताला थांबायला सांगणं म्हणजे काय, ते कॅशियरलाच विचारा.

मुलं वेळ लावतात, त्याचा त्रास मला होत नाही. लोकांच्या चांगुलपणाचा होतो. वाढदिवसाला केक घेऊन येणारे आणि फोटो काढून अर्ध्या तासात जाणारे तर असतातच. पोरांना 'हॅपी बर्थडे' इतकं पाठ आहे की समोर केक नसला तरी टाळ्या वाजतात. पण बाजारातला चांगुलपणा जास्त घात करतो. "राहू दे रे बाळा, असंच ने." झालं! तीन महिन्यांची मेहनत गेली. ताई भाजीवाल्या मावशींना शेवटी हात जोडून म्हणाल्या, "मावशी, पैसे घ्या. पूर्ण घ्या. आणि सुट्टेही द्या." मावशींना आधी राग आला, मग समजलं. बाकी आता जो तो स्कॅन करतो, रोख देणारी गिऱ्हाइकं आमचीच उरलीत.

गेल्या शुक्रवारची गोष्ट. आमच्यातला सतरा वर्षांचा एक जण, डाउन सिंड्रोम असलेला, बोलणं मोजकंच, कोथिंबिरीच्या जुडीसाठी गेला. जुडी पंधराची. त्यानं पाकीट उघडलं, नोट उलटी करून लेणं बघितलं, दिली. मावशींनी गल्ला चाचपला. "सुट्टे नाहीत रे. पाचाच्या मिरच्या घे." मूठभर मिरच्या पिशवीत टाकल्याही.

त्यानं मिरच्या एकेक करून परत काढून ठेवल्या आणि हात पुढे धरला.

"पाच," म्हणाला.

मागची बाई माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे तुम्ही काहीतरी करा ना! मावशीही माझ्याकडे. ताई मुद्दाम बटाटे बघत होत्या. त्याचा हात तसाच, पंजा उघडा, जराही न हलता.

माझ्या खिशात पाचाचं नाणं होतं. बोटांना लागत होतं.