चतुर्थीलाच गड

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

आज घट बसले. षष्ठीपर्यंत सहा दिवस. पोथीत याला षड्रात्र म्हटलंय, घरात मात्र 'खंडोबाचं नवरात्र'. 2023 ला चंपाषष्ठी 18 डिसेंबरला होती, 2024 ला 7 ला. 2025 ला ती सरकून 26 नोव्हेंबरला गेली. डिसेंबरात आली की थंडी, नवी बाजरी, हिरवी कांदापात सगळं एकदम जुळून येतं.

जेजुरीला मुलांना न्यायचं तर षष्ठीला नको. त्या दिवशी गडावर माणूस चालत नाही, गर्दीच त्याला नेते. तीन वर्षांच्या पोराची उंची जेमतेम मोठ्यांच्या कमरेएवढी, त्याला त्या गर्दीत काय दिसणार? पाय आणि पिशव्या. रविवारही नको, तो देवाचाच वार. यंदा चतुर्थी आडवारी आहे, तीच बरी. घट बसलेले, भंडारा उधळला जातोय, वाघ्या-मुरळी आलेले, म्हणजे उत्सव पुरेपूर आणि गर्दी निम्मी. नैवेद्य षष्ठीला घरी.

तृतीया, रात्री

भरून ठेवायचं:

भंडारा पाव किलो. दोन मोठे, दोन लहान, एवढ्यांना पाव किलो पुरून उरतो. हळद घरच्या डब्यातली किंवा ओळखीच्या गिरणीतली. पायथ्याच्या दुकानांतली सगळीच वाईट असं नाही, पण नुसत्या रंगाची भुकटीही विकली जाते. पारख सोपी: पेल्यात साधं पाणी, वर चिमूटभर हळद, ढवळायचं नाही. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. खाली जाताजाताच पाणी गडद पिवळं झालं तर त्यात रंग आहे, मुलांच्या अंगावर तो नको.

पाण्याच्या तीन बाटल्या. दोन पिण्याच्या, तिसरी फक्त डोळ्यांसाठी. तिच्या झाकणाला सुईने भोक पाडून ठेवलं की बारीक धार पडते, ओंजळीतून डोळे धुण्यापेक्षा हे फार बरं. लहान मूल डोळ्यांत हळद गेली की आधी मुठीने चोळतं, आणि बोटांनाही हळदच लागलेली असते. म्हणून एकाने हात धरायचे आणि दुसऱ्याने नाकाच्या बाजूने कानाकडे धार सोडायची. मोठ्यांपैकी कुणी डोळ्यांत लेन्स घालत असेल तर उद्या चष्मा.

सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, विड्याची पाने, सुपारी, सुटी नाणी, छोटं ताम्हण. पोत्यातलं जुनं खोबरं आतून खवट निघतं, वाटी फोडून वास घेऊनच घ्यायचं.

कपडे जुने, सुती, पुढून उघडणारे. डोक्यावरून काढायचा सदरा म्हणजे सगळी हळद तोंडावर. चाकाची ढकलगाडी घरीच. पायऱ्यांवर तिचा उपयोग नाही, वर ती उचलून न्यायला माणूस लागतो.

चतुर्थी

पुण्याहून हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, सुमारे 50 किलोमीटर. पहाटे निघायचं. मुलांना दूध घाटाआधी द्यायचं नाही. भरल्या पोटी वळणं लागली की सासवड यायच्या आत गाडी धुवावी लागते. कोरडी दशमी किंवा दोन खारी चालतात, दूध सासवडला. रेल्वेने यायचं तर जेजुरी पुणे-मिरज मार्गावर आहे, आणि मुलांना रेल्वे जास्त आवडते हेही खरं.

गडाच्या पायऱ्या रुंद आणि दगडी. दोन्ही अंगांना दीपमाळा, मध्ये कमानी. बोलण्यात नऊ लाख पायऱ्या आहेत; मोजायला मुलांना लावलं की शंभराच्या आत ती गोंधळतात, पण तोवर थोडा चढ सरलेला असतो. चपला खालीच. डिसेंबरात सकाळी दगड गार लागतो म्हणून मुलांच्या पायांत मोजे ठेवायचा मोह होतो. ठेवायचे नाहीत! पायऱ्यांवर हळद, तेल आणि खोबऱ्याचा चुरा पसरलेला असतो, त्यावर मोजा साबणासारखा सरकतो. अनवाणी पाय पकड घेतो. उतरताना मूल भिंतीच्या बाजूला, मोठं माणूस त्याच्या एक पायरी खाली.

नवरे नव्या नवरीला उचलून पायऱ्या चढताना दिसतातच. पाच पायऱ्यांत कुणाचा श्वास कुठे पोचला ते बघायला मुलं थांबतात, थांबू द्यावं. वाटेत बाणाईचं देऊळ लागतं, बसायला आणि पाणी प्यायला तीच जागा.

वर गेल्यावर रांग बघायची. लांब असेल तर कळसाला हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं. मुलांना घेऊन दोन तास रांगेत उभं राहण्यात भक्ती नसते, नुसती चिडचिड असते, आणि ती शेवटी मुलांच्या पाठीत निघते. त्यांच्यासाठी खरं देऊळ बाहेर अंगणात आहे: पितळी पत्र्याने मढवलेलं भलंमोठं कासव, आणि त्याच्याभोवती हवेत उडणारी हळद.

तळी तिथेच भरायची. ताम्हणात पाने, त्यावर सुपारी, नाणं, खोबरं, भंडारा. चौघा-पाचांनी कडेला हात लावायचा, मुलांचे हात मोठ्यांच्या हातांवर, आणि 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तीनदा वर उचलायचं. तिसऱ्या वेळी सगळे जोरात उचलतात आणि सुपारी हमखास घरंगळते. पाने ताम्हणात पसरट न ठेवता किंचित द्रोणासारखी ठेवली तर सुपारी टिकते. मग 'येळकोट येळकोट जय मल्हार' आणि भंडारा.

उधळताना वारा कुठून येतोय ते आधी बघायचं, मुलांची पाठ वाऱ्याकडे. चिमूट वर फेकायची, समोर नाही. दम्याचं मूल असेल तर त्याला कपाळाला भंडारा लावून कमानीकडे न्यावं, ढगात उभं करू नये. लोक खोबरंही उधळतात आणि सुकं खोबरं डोक्याला चांगलंच लागतं, म्हणून टोपी. खाली पडलेले तुकडे मुलं उचलून तोंडात घालतात. चार वर्षांखालच्याला सुकं खोबरं देऊच नये, ते चावलं जात नाही आणि घशात अडकतं. किसून दिलं तर चालेल.

चढण्यापासून उतरण्यापर्यंत तीन तास. ऊन चढलं की तोच गार दगड तळव्यांना चटके देतो. आणखी वरचं जुनं देऊळ, कडेपठार, यात बसत नाही, मुलं दहाची होतील तेव्हा बघू.

संध्याकाळी धुणं. आधी कपडे कोरडेच बाहेर झटकायचे. साबण लावला की पिवळा डाग तांबडा होतो. कपडा रंग सोडतोय असं वाटून घाबरायला होतं, पण साबणाच्या क्षाराने हळद तांबडी दिसते, खळबळून काढलं की परत पिवळी. उरलेला डाग घासत बसू नये, ओला सदरा उन्हात टाकावा. दोन-तीन उन्हांत फिका पडतो.

षष्ठी

चातुर्मासात बंद असलेलं वांगं, कांदा, लसूण आज सुटतं. नैवेद्य भरीत-रोडग्याचा.

सहा जणांना वांगी एक किलो. भाजण्याआधी तेलाचा हात लावून दोन चिरा द्यायच्या, नाहीतर फुटून गॅसभर होतात. चिरेतून कीडही दिसते. सोलून ठेचायचं, पाच-सहा मिरच्या आणि दहा पाकळ्या लसूण भाजून कुटून घालायचा. मुलांचा वाटा मिरचीआधी बाजूला. कांदापात आणि मीठ पान वाढताना, आधी घातलं तर पाणी सुटतं.

बाजरीचं पीठ याच आठवड्यातलं हवं, जुनं कडू लागतं. मळायला कडकडीत गरम पाणी, तरच कडा फुटत नाहीत. रोडगे तळहाताएवढे, बोटभर जाड, मंद आचेवर. आच मोठी झाली की वरून करपतात आणि आत पीठ राहतं.

नैवेद्य दाखवून तळी उचलायची, आणि मग एक रोडगा कुत्र्याला, कारण देवाबरोबर त्याचाही मान. मुलांना हे काम सर्वांत आवडतं. हातातून भरवू द्यायचं नाही. पानावर ठेवायचा, दोन पावलं मागे यायचं, आणि गल्लीतलं काळं कुत्रं आधी वास घेऊन, मग पातीचा तुकडा बाजूला काढून, नुसता रोडगा कसा खातं ते बघायचं.