समुद्रातली गोडी विहीर

लातूरहून रात्रभर गाडी हाणत मालवण गाठलं. होडीत आईनं माझा दंड असा धरला की वळ उठला. एवढं पाणी तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

सिंधुदुर्ग १६६४ साली बांधायला घेतलेला, तटाच्या पायात शिसं ओतलेलं. हे सगळं मी सांगत होतो, पण आई अडकली ती दूधबावीपाशी. चहूबाजूंनी खारा समुद्र अन् विहिरीत गोडं पाणी! वाकून बघत म्हणाली, "आपल्याला तर मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं की रे." २०१६ चा एप्रिल, घागरींची रांग.

पोरांनी स्नॉर्केलिंग केलं, मी चपला राखल्या. सोलकढी मात्र आईला पटली नाही. "ताकच बरं," म्हणत तिनं वाटी माझ्याकडं सरकवली.