पोटावरची रेघ

मंगळवार, रात्र. कातापोला, ग्रीसच्या अमोर्गोस बेटावरचं बंदर.

झोप येत नाहीये. वारा सुटलाय, खिडकीची झडप सारखी आपटतेय, उद्याही बोट लागणार नाही असं खाली कॅफेनियोत, म्हणजे कॉफीच्या दुकानात, सगळे म्हणत होते. अमोर्गोसवर वाऱ्याचे आकडे लहान पोरांनाही पाठ असतात, आठ बोफोर म्हटलं की नाक्सोसकडून येणारी छोटी बोट बंद, मग भाजी नाही, औषधं नाहीत, आमच्या भटक्या मांजरांच्या नसबंदी शिबिराचे टाक्यांचे धागे पण नाहीत. पण झोप काही वाऱ्याने उडवलेली नाही. ती सकाळच्या पांढऱ्या मांजरीने उडवलीय.

जसं झालं तसं लिहून काढते.

सकाळी किरिया आली. किरिया म्हणजे ग्रीकमध्ये बाई. दोन प्लास्टिकचे भाजीचे क्रेट एकमेकांवर उपडे घालून सुतळीने बांधलेले, आत आस्प्रूला. आस्प्रूला म्हणजे आपली पांढरी, लाडाने. किरिया क्सिलोकेरातिदीची, खाडीच्या पार पलीकडच्या टोकाची, तिथून ते ओझं पोटाशी धरून वाऱ्यातून चालत आलेली. आली ती बोलायलाच लागली. खूप बोलली. मला त्यातलं फक्त 'गाता' कळलं, म्हणजे मांजर. मी माझा ठेवणीतला शब्द काढला, "स्तिरोसी?" म्हणजे नसबंदी. ती म्हणाली, "ने, ने."

ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. पण कशाला हो? करा म्हणून हो, की झालीय म्हणून हो? मी विचारलं नाही. मराठी कानाला तर 'ने' म्हणजे घेऊन जा. मी घेऊन गेले.

दुपारपर्यंत मी सगळा दोष त्या 'ने'ला देत होते. संध्याकाळी आस्प्रूलाच्या कानांना दिला. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक भुलेतच सरळ कापतात, म्हणजे लांबूनही कळतं, परत पकडायला नको, परत भूल नको. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला खाच असते तसंच. पण ही पडली पांढरी. पांढऱ्या केसांखाली गुलाबी कातडी, आणि डोक्यावर वर्षानुवर्षं एजियन समुद्राचं ऊन. आधी कानाची कड लाल होते, मग खपल्या धरतात, त्या झडतात, परत धरतात, आणि कधीतरी तो कॅन्सर होऊन कान खात सुटतो. इथे पांढऱ्या मांजरांमध्ये हे बघायला मिळतं. आस्प्रूलाचे दोन्ही कान वाळवी लागलेल्या पानासारखे झाले होते. त्यात कधीकाळी सरळ कापलेलं टोक होतं की नव्हतं, कसं ओळखणार.

हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं मी स्वतःला सांगतेय ते फक्त एक गोष्ट लिहायची टाळायला.

मला रेघ दिसली होती.

माझं काम तयारीचं आणि रिकव्हरीचं. मांजर झोपलं की मी डोळ्यात जेल घालते (भुलेत मांजराचे डोळे उघडेच राहतात, सुकतात), पोट क्लिपरने भादरते, स्पिरिटचा बोळा फिरवते आणि ट्रे ऑपरेशनच्या टेबलाकडे सरकवते. बोळा फिरवला, कातडी ओली झाली, आणि बेंबीच्या जरा खाली एक रेघ चमकली. दोन सेंटिमीटर असेल नसेल. भाताच्या तुसाएवढी बारीक, आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित चकचकीत. जुना व्रण कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको. मी बघितली, मला कळलं, आणि मी ट्रे पुढे सरकवला.

डॉक्टरबाईंनी छेद घेतला. हुक आत घातला, गर्भाशयाचं शिंग, म्हणजे त्याचा एक फाटा, सापडेना. परत. छेद मोठा केला. परत. त्यांच्या कपाळावर घाम आला, त्या कुणाशी बोलत नव्हत्या, आणि मी शेजारी उभी राहून दुसऱ्या मांजराच्या मिशा पुसत होते. हो, मिशा पुसत होते. वीसेक मिनिटांनी त्या म्हणाल्या, हिचं आधीच झालंय, आत काहीच नाही, शिवते. मग म्हणाल्या झोपलीच आहे तर कान तरी करून टाकू, नाहीतर वर्षभरात चेहऱ्यात जाईल. दोन्ही कान मुळापासून काढले, बारीक टाके घातले. तेवढ्यापुरती तरी ती भूल फुकट गेली नाही. पोटाचं मात्र विनाकारण. पूर्ण विनाकारण.

आता का बोलले नाही. हे लिहायला इतका वेळ लागतोय.

शनिवारी एका हडकुळ्या मांजरीच्या डोसबद्दल मी म्हटलं होतं की हिचं वजन परत करूया, ही दिसते त्यापेक्षा कमी भरेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू रिकव्हरी बघ, प्लीज." चिडून नाही म्हणाल्या. घाईत होत्या, रांग लागलेली, दारात बारा पिंजरे. पण तो 'प्लीज' माझ्या घशात अडकला तो अडकलाच. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून पास झाले, मग चार वर्षं प्रॅक्टिस केली, किती मांजरींच्या पोटात हात घातलाय याचा हिशोब नाही. इकडे आले आणि कागद अडकले. तिकडच्या डिग्रीवर इकडे ब्लेड हातात धरता येत नाही, कायदा आहे, बरोबरच आहे, मी काही त्यावर भांडत नाही. भाषेची परीक्षा तर... असो. पण दहा दिवस मी सगळ्यांच्या हातांकडे बघतेय. गाठ कशी मारतात, कुठे वेळ घालवतात. आणि माझे हात टॉवेल पिळतायत.

म्हणजे सकाळी रेघ दिसली तेव्हा माझ्या मनात आलं ते हे, शब्दशः, की मी रिकव्हरी बघते ना, मग त्यांनी बघावं स्वतःचं.

मी रुसले होते. भीती, संकोच, भाषा, मोठ्यांसमोर कसं बोलायचं, असं दिवसभर वेगवेगळं नाव देऊन बघितलं, एकही चिकटलं नाही. रुसवाच होता. लहानपणी मी रुसले की जेवायची नाही, आणि आई म्हणायची ताटावर राग काढू नये. हे तेच. फक्त ताट नव्हतं समोर, सव्वातीन किलोचं झोपलेलं जनावर होतं, आणि ते माझ्या भरवशावर उताणं पडलं होतं.

आईचे दोन मिस्ड कॉल आहेत. घेतला तर तिला आवाजावरूनच कळेल, आणि मग तिच्या तब्येतीचं विचारायचं राहूनच जाईल. दिवाळीला पण धड बोलले नाही. उद्या.

टेबलावरून उतरली तेव्हा आस्प्रूलाचं टेंपरेचर ३६.१ होतं. मांजराचं ३८ च्या वर हवं. मोज्यात तांदूळ भरून मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो आम्ही, तसे दोन मोजे तिच्या कुशीला लावले, एक पाठीला, आणि मी माझी शाल काढून तिच्यावर घातली. पंजे हातात धरून बसले. पंज्यांच्या गाद्या गार होत्या, मग हळूहळू ऊब आली. कान नसलेलं तोंड घुबडासारखं गोल दिसत होतं. शुद्धीवर येताना मांजरं मान डोलावतात, तशी तिने डोलावली, आणि पहिलं काम काय केलं तर डावा पंजा उचलून कानावरून फिरवायला गेली. मी पंजा धरला. तिने परत उचलला. मी परत धरला. पंधरा वीस वेळा तरी झालं असेल.

दुपारी किरिया परत आली, कॅफेनियोवाल्याच्या मुलाला घेऊन. तो इंग्रजी बोलतो. त्याने सांगितलं, ती सकाळी हेच सांगत होती की हिचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालंय, असेच बाहेरचे डॉक्टर आले होते तेव्हा, मी फक्त कान दाखवायला आणलंय. किरिया रागावली नाही. तिने माझा गाल थोपटला आणि "पेरास्तिका" म्हणाली. कुणी आजारी असलं की म्हणतात ते, लवकर बरं वाटो. मांजरीला म्हणाली असणार. पण हात माझ्या गालावर होता.

अरे देवा. हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. तिचे कान गेले म्हणजे खूणच गेली. तीन वर्षांनी कुणी दुसरी टीम येईल, पांढरी मांजर पिंजऱ्यात सापडेल, कापलेलं टोक बघायला कानच नाहीत, आणि परत कुणीतरी तिचं पोट उघडेल.

बुधवार, रात्र.

वारा आहेच. बोट नाही आली.

सकाळी साडेसहाला डॉक्टरबाई एकट्याच बाहेर पायरीवर कॉफी पीत होत्या, मी गेले आणि सगळं सांगितलं. रेघेचं. दिसली होती आणि बोलले नाही, हे. शनिवारचं पण सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर अर्धंच खरं झालं असतं. त्या बराच वेळ समुद्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मी पण पोट बघायला हवं होतं, भादरलेलं पोट माझ्यासमोर होतं. आणि म्हणाल्या, त्या शनिवारच्या मांजरीचं वजन मी नंतर केलं, तुझं बरोबर होतं, तुला सांगायचं राहिलं.

मला रडू आलं नाही. वाटलं होतं येईल.

मग कानाचं बोलले. कातडीखाली ओळखीची चिप घातलीय, त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे घालतोच. इथे २०२१ चा कायदा आहे, भटक्या जनावरांची जबाबदारी दिमोची, म्हणजे नगरपालिकेची, नसबंदी, चिप, नोंद सगळं. पण चिप वाचायला मशीन लागतं, आणि ते हातात असून कुणी फिरवलं पाहिजे ना. काल आम्ही तरी कुठे सगळ्यांवर फिरवलं. मी म्हटलं, सामानाच्या पेटीत हिरव्या शाईची बाटली आहे, टॅटूची, कुणी उघडलेलीच नाही, काही ठिकाणी छेदाच्या शेजारी एक हिरवी रेघ काढतात, ती आयुष्यभर राहते. आस्प्रूलाला आता परत झोपवणं शक्य नाही, तिच्यासाठी उशीर झाला. पण बाकीच्यांना? त्या म्हणाल्या, काढ. आजपासून सगळ्या मांजरींना. तू काढ.

आज चौदा रेघा काढल्या. छेदाच्या शेजारी, नखाएवढ्या लांब. पहिली थरथरली, वाकडी आली, हरकत नाही.

आणि आज एकदा "थांबा" म्हटलं. एक करडी पट्टेवाली, पोटावर मधोमध फिकट ओरखडा. डॉक्टरबाई थांबल्या, दिवा खाली ओढला, दोघींनी बघितलं, कातडी ताणून बघितलं, चिप बघितली, नव्हती. छेद घेतला तर आत चार पिल्लांचं गर्भाशय, चांगलं भरलेलं. म्हणजे माझं चुकलं होतं. कुणी काही बोललं नाही. ती पिल्लं बघून नेहमी होतं तसं पोटात कालवलं, त्याबद्दल आत्ता नाही लिहीत. इथे नोव्हेंबरात टाव्हर्ना, म्हणजे खाणावळी, बंद होतात, उन्हाळाभर टुरिस्टांनी मासे भरवलेली मांजरं कचऱ्याच्या डब्यांशी मरतुकडी होऊन बसतात, हे दोन्ही डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हात चालतो.

त्यापुढची मांजर आली तेव्हा डॉक्टरबाई ब्लेड धरून थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी बोळा फिरवला, बघितलं, म्हटलं, काही नाही. मग त्यांनी छेद घेतला. दिवसभर तसंच चाललं.

ब्लेड माझ्या हातात नाहीये ते नाहीये. कागद येतील तेव्हा येतील. पोट आधी माझ्या डोळ्यांखालून जातं, आणि तिथे गप्प बसणं मला परवडणारं नाही, एवढं मला पक्कं कळलंय. शनिवारचं आठवलं की अजूनही थोडं खुपतं. खुपू दे.

संध्याकाळी चालत क्सिलोकेरातिदीला गेले. किरियाने आस्प्रूलाला घरामागच्या कोठीत ठेवलंय, ऑलिव्ह तेलाच्या डब्यांशेजारी, जुन्या स्वेटरवर. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, ती दर पावलाला दाराला अडकते. मी कॅफेनियोवाल्याच्या मुलाकडून एक कागद ग्रीकमध्ये लिहून घेतला होता, मोठ्या अक्षरात: हिची नसबंदी झालेली आहे, पोट उघडू नका, चिप तपासा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो कोठीच्या दाराला आतून चिकटवला. किरियाने चष्मा लावून दोनदा वाचला, मग स्वयंपाकघरातून अजून चिकटपट्टी आणून चारही कोपऱ्यांवर तिने स्वतः लावली.

मी खाली बसून हात पुढे केला. आस्प्रूला गुरगुरली, मागे सरकली, डब्यांच्या आड गेली. बरोबर आहे तिचं. मग किरिया "प्सि प्सि प्सि" म्हणाली, बशीत उकडलेल्या माशाचं पाणी ओतलं, आणि ती आली. कॉलरमुळे तोंड बशीत पोचेना. किरियाने बशी उचलून तिरकी धरली, तिचा हात थरथरत होता म्हणून खालून मी धरली, आणि ती प्यायली सगळं.

आईला फोन केला आत्ता. पाऊण तास बोललो.