तुम्ही विचारलंत म्हणून: ‘छोटी सी बात’ कसा बघावा?

‘मुंबईतल्या प्रेमाचा एकच जुना सिनेमा बघायचा तर कुठला, आणि त्यात बघायचं काय?’ हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर: बासू चटर्जींचा १९७६चा ‘छोटी सी बात’. बघायचं काय, तर वाहनं.

अरुण (अमोल पालेकर) आणि प्रभा (विद्या सिन्हा) भेटतात ते बसस्टॉपवर. रांगेत मागे उभं राहायला धीटपणा लागत नाही, म्हणून बुजऱ्या अरुणला ही जागा सोयीची. पण नागेश (असरानी) स्कूटरवरून येतो, प्रभाला मागे बसवतो आणि भुर्रकन निघून जातो. एवढ्यानेच अरुण हरतो. नागेश खलनायक नाहीच. त्याच्याकडे स्कूटर आहे आणि तोंड चालतं, इतकंच. मग अरुण सेकंडहँड मोटरसायकल घेतो, फसवला जातो आणि गाडी ऐन वेळी दगा देते.

यानंतर तो खंडाळ्याला एका कर्नलकडे (अशोक कुमार) मुलीचं मन कसं जिंकायचं ते शिकायला जातो. परतल्यावरचे प्रसंग आधीच्या प्रसंगांशी जोडून बघा. तीच खटारा मोटरसायकल तो विकणाऱ्यांच्याच गळ्यात मारतो. हॉटेलात आधी नागेशपुढे ज्याची दातखीळ बसायची, तो आता चॉपस्टिकने सराईतपणे जेवतो आणि नागेशची पंचाईत होते. पूर्वार्धातला प्रत्येक अपमान नीट लक्षात ठेवलात, तरच उत्तरार्धात हसू फुटतं. म्हणून सुरुवात चुकवू नका. या धाटणीच्या कथा फसतात त्या इथेच: युक्त्या भरपूर, पण आधीची हार पुरेशी दाखवलेलीच नसते.

मुलीच्या मागे मागे चालणं आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. म्हणून विद्या सिन्हांचा चेहरा बघा. मागे कोण येतंय हे प्रभाला पक्कं ठाऊक असतं. अरुण खंडाळ्याला असताना लताबाईंचं ‘ना जाने क्यूं’ येतं (संगीत सलील चौधरींचं, शब्द योगेशचे), आणि त्याची उणीव तिला जाणवते. म्हणजे ती कर्नलच्या धड्यांना भुलली नाही. त्याआधीच तिचं मन वळलं होतं. शिकवलेल्या युक्त्या शेवटी अरुण बाजूला ठेवतो, ते पटतं ते या गाण्यामुळे.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’ हे कॅफेही यात दिसतं. ते २०१५ साली बंद झालं; तिथली टेबलं, तिथली वर्दळ आता पडद्यावरच बघायला मिळते. त्या प्रसंगात पुढे ढकलू नका.